खाडीचं पाणी, विहिरीचं पाणी आणि धातू ओळखणारे चमकते पॉलिमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले रसायनशास्त्राचे विद्यार्थी, घरच्या विहिरीच्या पाण्याची काळजी वाटणारी माणसं आणि मासळीच्या धंद्यातली मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पाण्यातले धातू ओळखणारे हे चमकत्या पॉलिमरचे सेन्सर प्रयोगशाळेची जागा घेणार नाहीत. पन्नास बाटल्यांपैकी कोणत्या पाच बाटल्या प्रयोगशाळेत न्यायच्या, हे ते किनाऱ्यावरच सांगू शकतात. आपल्याकडे प्रयोगशाळा लांब आणि विहिरी, पऱ्हे, खाड्या भरपूर. त्यामुळे एवढं काम झालं तरी ते फार मोलाचं आहे.

फ्लुओरेसंट पॉलिमर सेन्सर म्हणजे नेमकं काय?

पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारचे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. काही साखळ्यांवर अतिनील किंवा निळा प्रकाश टाकला, की त्या तो शोषतात आणि जास्त तरंगलांबीचा, म्हणजे हिरवा, पिवळा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. हाच फ्लुओरेसन्स. सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याचा नीट अभ्यास मांडला. अशा साखळीवर धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, पकडणारे अणूंचे गट बसवले की सेन्सर तयार होतो. आयन येऊन बसतो तेव्हा चमक मंदावते, वाढते किंवा तिचा रंग बदलतो, आणि तो बदल आपण मोजतो.

पावसाळ्यानंतर रात्री समुद्राचं पाणी निळं चमकतं, ते हेच का?

नाही. ती चमक बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची असते. लाट फुटली किंवा वल्हं लागलं की त्याच्या शरीरात रासायनिक क्रिया होते आणि प्रकाश बाहेर पडतो. त्याला बाहेरून प्रकाश द्यावा लागत नाही. फ्लुओरेसन्समध्ये आधी प्रकाश द्यावाच लागतो, आणि दिवा बंद केला की चमकही त्याच क्षणी संपते.

एकटा चमकणारा रेणू चालत असताना पॉलिमरचा खटाटोप कशाला?

या सगळ्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाण्यात सुटे चमकणारे रेणू सोडले, तर एक आयन एकाच रेणूची चमक विझवतो. आयन कमी असतील तर बाकीचे असंख्य रेणू चमकतच राहतात आणि फरक कळत नाही. आता असे रेणू एका लांब साखळीत अशा पद्धतीने जोडा, की एक-आड-एक दुहेरी बंधांमुळे त्यांचे इलेक्ट्रॉन साखळीभर पसरतील. अशा साखळीत प्रकाश शोषून आलेली ऊर्जा एका जागी थांबत नाही. चमक बाहेर पडायला साधारण एक अब्जांश सेकंद लागतो, तेवढ्या वेळात ती साखळीवर बरीच फिरते. वाटेत कुठेही आयन बसलेला भेटला, की ऊर्जा तिथेच संपते आणि चमक येत नाही. रापण ओढताना जाळं एका जागी खडकाला अडकलं, तरी दोन्ही दोऱ्यांवरचे सगळेच थांबतात, तसं हे आहे. एका आयनामुळे साखळीचा मोठा भाग विझतो.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात टिमोथी स्वेगर आणि किन झोऊ यांनी १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी पकडलेला पदार्थ धातू नव्हता. तो होता पॅराक्वाट, म्हणजे तणनाशक म्हणून आपल्या शेतकऱ्यांनाही माहीत असलेलं रसायन. पकडणारा गट तोच ठेवला, तरी सुट्या रेणूपेक्षा साखळी कितीतरी पट संवेदनशील ठरली. पुढे याच तत्त्वावर स्फोटकांची वाफ ओळखणारी उपकरणं आली, आणि धातूंच्या आयनांसाठी पॉलिथायोफिन, पॉलिफ्लुओरिन, पॉलिफेनिलिन-इथायनिलिन अशा साखळ्यांवर काम सुरू झालं.

प्रत्येक फ्लुओरेसंट पॉलिमरमध्ये ही वाढ होते असं मात्र समजू नका. साध्या ॲक्रिलिक साखळीला चमकणारे गट नुसते बाजूने लटकवले असतील, तर ऊर्जा साखळीभर धावत नाही. तिथे फायदा वेगळा असतो. एकाच साखळीवर पकडणारे गट जवळजवळ असल्यामुळे दोन-तीन गट मिळून एक आयन घट्ट धरतात. शिवाय पॉलिमरची पातळ फिल्म करता येते, कागदावर लेप देता येतो आणि रंग पाण्यात सुटून जात नाही. संशोधन निबंध वाचताना यातला कोणता फायदा खरोखर मिळाला आहे ते शोधायची सवय लावून घ्या.

काही धातू चमक विझवतात, काही वाढवतात. असं का?

तांब्याच्या +२ भाराच्या आयनात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, लोहाच्या +३ आयनात पाच. असे आयन जवळ आले की साखळीवरची ऊर्जा किंवा इलेक्ट्रॉन त्यांच्याकडे वळतो आणि चमक जाते. पारा जड अणू असल्यामुळे आणखी एका वाटेने चमक विझवतो. झिंकचं, म्हणजे जस्ताचं, तसं नाही. त्याचं डी-कवच (इलेक्ट्रॉनचा एक थर) पूर्ण भरलेलं, त्यामुळे तो स्वतः चमक विझवत नाही.

झिंक चमक वाढवतो कशी, हे तर फारच सुंदर आहे. पकडणाऱ्या गटातल्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. ती शेजारच्या चमकणाऱ्या भागाला इलेक्ट्रॉन देऊन चमक दाबून ठेवते. झिंक येऊन त्या जोडीला गुंतवतो आणि दाबलेली चमक मोकळी होते. मूळचे श्रीलंकेचे आणि बेलफास्टमध्ये काम केलेले ए. प्रसन्ना डी सिल्वा यांनी या तत्त्वावर अनेक सेन्सर रचले. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या दवाखान्यांतल्या उपकरणांपर्यंत ही कल्पना पोचली आहे.

जमत असेल तेव्हा चमक वाढवणारा सेन्सर निवडा. चमक विझायला शंभर कारणं असतात: गढूळ पाणी, दिव्याची उतरलेली बॅटरी, फिल्मवरचा ओरखडा. चमक वाढायला त्या मानाने कारणं कमी.

सेन्सर पारा आणि शिसं यांत फरक कसा करतो?

पकडणाऱ्या गटाच्या निवडीने. पाऱ्याला गंधक फार प्रिय, म्हणून पाऱ्यासाठी गंधक असलेले गट लावतात. शिसं ऑक्सिजन असलेल्या कार्बोक्सिलेट गटांवर चांगलं बसतं. सोडियम-पोटॅशियमसाठी चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये जाहीर केलेले क्राऊन ईथर, म्हणजे कड्याच्या आकाराचे रेणू, आहेत. त्यात कड्याच्या मापात जो आयन नेमका बसतो तोच टिकतो. याच कामासाठी त्यांना १९८७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. डीएनएमधले दोन थायमिन पाऱ्याला मध्ये धरतात, त्याचाही उपयोग पॉलिथायोफिनबरोबर केला गेला आहे. ऱ्होडामाइन या चमकत्या रंगद्रव्याच्या काही रूपांमध्ये तर धातू बसला की मिटलेलं कडं उघडतं आणि बिनरंगी द्रावण गुलाबी होऊन नारिंगी चमकू लागतं.

पण निवड कधीच शंभर टक्के नसते. पाऱ्यासाठी केलेला गट चांदीलाही धरतो, आणि तांबं तर बहुतेक ठिकाणी लुडबुडतं.

किती कमी प्रमाण ओळखावं लागतं?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार लीटरमागे पारा ०.००१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ आणि शिसं ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पाऱ्याची मर्यादा म्हणजे लीटरमागे एक मायक्रोग्रॅम, अर्थात सुमारे ५ नॅनोमोल. तेवढ्यातही लीटरभर पाण्यात पाऱ्याचे साधारण ३ वर १५ शून्यं इतके आयन असतात, म्हणून ओळखणं शक्य होतं. शुद्ध पाण्यात अनेक पॉलिमर या पातळीपर्यंत पोचले आहेत. आपल्याकडे अडतं ते शुद्ध पाण्यात नव्हे.

मग खाडीच्या पाण्यात हे चालतं का?

जसंच्या तसं क्वचितच चालतं. ऊर्ध्वपातित पाण्यातला सुरेख आलेख बघून हुरळून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे कळकळीने सांगतो.

समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम जवळजवळ १०.८ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, कॅल्शियम ०.४ ग्रॅम. आपण शोधतो आहोत एक मायक्रोग्रॅम पारा. म्हणजे पाऱ्याच्या एका भागामागे सोडियमचे एक कोटी भाग. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरवर बहुधा ऋणभाराचे गट असतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अशा दोन साखळ्यांना एकत्र बांधतात, साखळ्यांचे गोळे होतात आणि पाऱ्याचा एकही आयन नसताना चमक उतरते. वर क्लोराईड पाऱ्याला स्वतःच धरून बसतं. आपला गट त्याच्यापेक्षा बलवान नसेल तर पारा पाण्यात असूनही सेन्सरला दिसत नाही.

खाडीचं पाणी एकसारखंही नसतं. मे महिन्यात खारेपणा वर चढतो, जुलैत पुराचं पाणी आलं की तीच खाडी जवळपास गोडी होते. भरती-ओहोटीचा फरक तर दररोजचा. पहिल्या पावसात जांभ्याची लाल माती येते आणि ती प्रकाश अडवते. कांदळवनातल्या कुजलेल्या पानांमधून येणारी सेंद्रिय द्रव्यं अतिनील प्रकाशात स्वतःच निळसर चमकतात. साबणाच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यंही तशीच निळी चमकतात. धुण्याच्या दगडाजवळून नमुना घेतला तर मोजाल धातू आणि मिळेल साबण.

यावर उपाय आहेत. लाल चमकणारा पॉलिमर घेतला की निळ्या पार्श्वभूमीचा त्रास कमी होतो. दोन रंगांचं गुणोत्तर मोजणारा सेन्सर दिव्याच्या किंवा फिल्मच्या जाडीच्या फरकाने फसत नाही. आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची युक्ती अगदी जुनी आहे. त्याच खाडीच्या नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात धातू थोडा थोडा घालायचा, दर वेळी चमक मोजायची, आणि त्या रेषेवरून मुळात किती होता ते काढायचं. जे पाणी मोजायचं त्याच पाण्यात मोजपट्टी तयार होते, त्यामुळे क्षारांचा बराचसा परिणाम आपोआप हिशेबात येतो.

एक गोष्ट मात्र उणीव म्हणून बघू नये. खाडीतलं बहुतेक तांबं सेंद्रिय द्रव्यांनी बांधून ठेवलेलं असतं. प्रयोगशाळेतलं आयसीपी-एमएस यंत्र सगळं तांबं मोजतं, सेन्सर फक्त मोकळं. दोन आकडे जुळले नाहीत म्हणून सेन्सर चुकला असं लगेच म्हणू नका. पाण्यातल्या जिवांना जास्त बाधतं ते मोकळं तांबंच, त्यामुळे सेन्सरच्या आकड्याला स्वतःचा अर्थ आहे.

वाशिष्ठी दाभोळला, सावित्री बाणकोटला आणि कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. लोटे, महाड आणि रोहा इथल्या रासायनिक औद्योगिक वसाहती याच नद्यांच्या खोऱ्यांत आहेत. या पाण्यावर वर्षभर, सगळ्या ऋतूंत नजर ठेवण्यासाठी स्वस्त साधन हवंच. म्हणूनच शुद्ध पाण्यातल्या यशावर समाधान मानून चालणार नाही.

विहिरीचं पाणी उपसल्यावर थोड्या वेळाने लालसर होतं. यासाठी असा सेन्सर घ्यावा का?

बहुधा गरज नाही. जांभ्यात लोह भरपूर. जमिनीखाली ऑक्सिजन कमी असतो तिथे ते +२ रूपात विरघळलेलं आणि बिनरंगी राहतं. हवेत आलं की +३ होऊन लाल गाळ खाली बसतो आणि बादलीला डाग पडतात. पॉलिमर सेन्सर बहुतेक +३ लोहासाठी असतात. नमुना ठेवून दिला तर लोह गाळात जातं आणि सेन्सर कमी दाखवतो. शिवाय +३ लोह अतिनील प्रकाश स्वतःच शोषतं, त्यामुळे आयन न पकडताही चमक कमी दिसते.

लोहासाठी साधी रंगाची चाचणी पुरेशी आहे. गावोगावच्या पाणी तपासणी संचात ती असते. हिरड्याची पूड लोहाच्या पाण्यात टाकली तर टॅनिनमुळे निळसर काळा रंग येतो, हे तर जुन्या शाईवाल्यांनाही ठाऊक होतं. पॉलिमरचे कष्ट पारा, शिसं, कॅडमियम यांच्यासाठी राखून ठेवावेत. त्यांना ना रंग, ना चव, ना वास.

मासळी खाण्याजोगी आहे का, हे पट्टी बुडवून कळेल?

नाही, आणि कोणी तसं सांगून पट्टी विकत असेल तर घेऊ नका.

माशातला पारा मुख्यतः मिथाइल पाऱ्याच्या रूपात, स्नायूंतल्या प्रथिनांच्या गंधकाला घट्ट चिकटलेला असतो. तो मोकळा करायला मांस आम्लात विरघळवावं लागतं, आणि ते काम प्रयोगशाळेचं. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये जो आजार उघडकीला आला, तो याच मिथाइल पाऱ्याचा. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातून तो खाडीत आणि मासळीतून माणसांत गेला. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला.

सर्वसाधारण नियम एवढा: मोठा, दीर्घायुषी, दुसरे मासे खाणारा मासा जास्त पारा साठवतो. मुशी आणि मोठी सुरमई त्यात येतात. तारली, मांदेली, बांगडा यांच्यात तुलनेने कमी असतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी छोट्या मासळीवर भर द्यावा, मासे सोडू नयेत. तिसऱ्या, कालवं, शिनाणे पाणी गाळून जगतात, त्यामुळे ती ज्या पाण्यात वाढली ते पाणी महत्त्वाचं. पाण्यावर नजर ठेवायला सेन्सर उपयोगी पडेल तो इथे.

कोळंबीच्या टरफलांपासून असे सेन्सर करता येतात, हे खरं का?

खरं आहे, आणि मला स्वतःला ही दिशा फार आशेची वाटते. टरफलं सौम्य आम्लात ठेवली की चुना निघतो, अल्कलीत प्रथिनं निघतात आणि कायटिन उरतं. त्यावर तीव्र अल्कलीची क्रिया केली की कायटोसान हा पॉलिमर मिळतो. त्याच्यावरचे अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेले, गट तांबं, पारा, शिसं धरतात. तो व्हिनेगरसारख्या सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळतो आणि काचेवर ओतून वाळवला की छान फिल्म होते.

तो स्वतः फारसा चमकत नाही, म्हणून त्याला डॅन्सिल किंवा ऱ्होडामाइनसारखा चमकणारा गट जोडावा लागतो. आम्लयुक्त पाण्यात फिल्म विरघळू नये म्हणून साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. आणि अमाइन गट फारसे निवडक नसतात. तरी कच्चा माल आपल्या बंदरांवर रोज निघतो, हे विसरू नये.

पीएचचा काही संबंध असतो का?

फार मोठा. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप. हळदीला चुना लावला की कुंकवाचा लाल रंग येतो. तो कॅल्शियममुळे आला असं कोणी म्हणेल, पण धुण्याच्या सोड्यानेही तोच रंग येतो, म्हणजे काम अल्कलीचं आहे. सेन्सरचंही तसंच होतं. आम्ल वाढलं की अमाइनवर हायड्रोजन बसतो आणि धातूविनाच चमक बदलते. प्रत्येक मोजमाप ठरावीक पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, करा. फॉस्फेटचा बफर शिसं खाली बसवतो, तो टाळा.

शाळेत किंवा घरी काय करून बघता येईल?

नोटा तपासायचा अतिनील टॉर्च पुरे. डोळ्यांवर मारू नका. स्पिरिटमध्ये हळद घातली तर पिवळी-हिरवी चमक दिसते. पानं कुटून स्पिरिटमध्ये ठेवली तर हिरवं द्रावण लाल चमकतं. टॉनिक वॉटरमधलं क्विनाइन निळं चमकतं. त्यात चमचाभर मीठ ढवळलं की चमक डोळ्यांदेखत उतरते, कारण क्लोराईड ती विझवतं. खाऱ्या पाण्यात सेन्सर का फसतो, ते यावरून मुलांना एका मिनिटात कळेल. पारा, शिसं, कॅडमियम यांचे क्षार मात्र घरी किंवा शाळेत अजिबात हाताळू नयेत.

मोबाइलने चमक मोजता येते का?

येते, पण काळ्या डब्यात, दिवा आणि अंतर पक्कं ठेवून. मोबाइल अंधारा फोटो आपोआप उजळ करतो आणि विझलेली चमक लपवतो. ती सोय बंद करा आणि माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने त्याच फोटोत शेजारी ठेवा.

एकच पट्टी पुन्हा वापरता येते का?

काही फिल्म ईडीटीए या धातू घट्ट धरणाऱ्या रसायनाच्या द्रावणात धुतल्या की आयन सोडतात. गंधकाने धरलेला पारा सहसा सुटत नाही. वापरलेली पट्टी खाडीत टाकू नका, तिच्यावर आता तोच धातू जमलेला आहे.

नमुना कसा घ्यायचा?

भरती होती की ओहोटी ते वेळेसकट लिहा, नाहीतर दोन नमुन्यांची तुलना करता येत नाही. बोटीवरून घेत असाल तर इंजिनापासून आणि रंगवलेल्या बाजूपासून दूर घ्या, कारण बोटीच्या तळाच्या रंगात तांबं असतं. प्रत्येक जागी दोन बाटल्या भरा. सेन्सरच्या बाटलीत काही घालू नका, पाणी गाळून त्याच दिवशी मोजा. प्रयोगशाळेच्या बाटलीत पीएच २ च्या खाली जाईल इतकं शुद्ध नायट्रिक आम्ल लागतं. ते जाणकाराकडूनच घालून घ्या. पाऱ्यासाठी काचेची बाटली घ्या, साध्या प्लॅस्टिकमधून पारा कमी-जास्त होतो. बरोबर एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची न्या, तिथेच उघडा आणि बंद करा. तिच्यात धातू निघाला तर दोष खाडीचा नाही, बाटलीचा किंवा हाताळणीचा.

पिण्याच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत देता येतो. आपल्याला हवा तो धातू तिथे तपासतात का आणि बाटली कोणती चालते, हे निघण्याआधी फोन करून विचारा.